भाऊ, तुमचा हात चुकला नव्हता

भाऊ,

तुमच्या पापण्या मी मिटल्या. तुम्ही पाहत असता तर आधी माझी पद्धत तपासली असती आणि मग एखादी चूक काढलीच असती. वहिनींनी मला पुढे केलं. म्हणाल्या, सुनंदा, तुले त्यातलं समजते, तूच कर. घरात शेजारपाजारची माणसं दाटलेली, तुमची लेक नीता भिंतीला टेकून रडत होती, आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं तर तुमचा धडा. पापणी उघडणारा स्नायू वेगळा, मिटणारा वेगळा. माणूस गेला की दोघंही काम सोडतात आणि पापणी असेल तिथेच थांबते. उजवी लगेच मिटली. डावी दोनदा उघडली, अगदी रेघभर. मी ओल्या कापसाची घडी ठेवली, तिच्यावर दोन बोटं टेकवली आणि बसून राहिले. लोकांना वाटलं, मी मनात वंदना म्हणतेय. मी नुसती घाबरले होते. वाटत होतं, त्या रेघेतून तुम्ही माझ्याकडे पाहताय.

घाबरायला कारण होतं. साडेतीन वर्षांपूर्वी भिवापूरच्या वैशालीचा कृत्रिम डोळा बिघडला आणि तुम्ही म्हणालात की तुमचा हात चुकला. त्यानंतर तुम्ही लॅबमध्ये येणं बंद केलं. भाऊ, तो डोळा तुमच्या हातून बिघडला नव्हता. तुम्ही बनवला तेव्हा तो ठीक होता. नंतर मी तो घासला. तुम्हाला न विचारता, तुमच्या मागे.

हे एवढं वाक्य तुमच्यासमोर बसून म्हणायला मला साडेतीन वर्षं मिळाली होती. दर रविवारी मी इंदोऱ्याला तुमच्या घरी येत होते. चहा पीत होते, वहिनींच्या हातची झुणका-भाकर खात होते, आणि घरी जात होते. आता हे कागदाला सांगतेय.

मी तुमच्याकडे आले तेव्हा मला डोळ्यातलं काहीही कळत नव्हतं. चित्रकलेचा डिप्लोमा, हातात नोकरी नाही, आणि कोणीतरी सांगितलं की धंतोलीत एका मेश्रामजींना बारीक रंगकाम येणारी मुलगी हवी आहे. मला वाटलं मूर्तींचं काम असेल. तुम्ही माझ्यापुढे एक डबी उघडली. तिच्यात सहा डोळे माझ्याकडे पाहत होते. मी किंचाळले नाही याचं तुम्हाला फार कौतुक वाटलं आणि तेवढ्यावर मला ठेवून घेतलं. खरं म्हणजे माझा आवाजच फुटला नव्हता.

तुम्ही मूळचे दातवाले. कवळ्या बनवता बनवता एका डोळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, की त्याच मालाचा डोळा बनेल का, आणि तुम्ही म्हणालात, करून पाहू. म्हणून आपल्याकडे सगळं दातांचंच. माप घ्यायची तीच गुलाबी पूड, तेच मेण, तेच पितळी साचे, उकळत्या पाण्यात शिजणारं तेच ॲक्रिलिक. फक्त बुबुळाचा रंग आणि पांढऱ्यावरच्या लाल शिरा माझ्या. शिरांसाठी रेशमाचा धागा उसवून एकेक तंतू चिकटवायची मी. पहिलं वर्ष मी स्वतःला फार मोठी कलावंत समजत होते. तुम्ही ते एका दुपारी उतरवलं. तुम्ही म्हणालात, "बुबुळ कोणी पाहत नाही वं. लोक पापणी पाहतात. माणूस हसला, रुसला, खोटं बोलला, सारं पापणीत दिसते. तू रंगवतेस तो तर नुसता मणी आहे."

मला राग आला होता. मी दोन दिवस तुमच्याशी कामापुरतं बोलले. मग तिसऱ्या दिवशी तुम्ही कुठल्याशा कॉलेजातून मिळालेली जुनी कवटी पिशवीतून काढली, माझं बोट धरलं आणि डोळ्याच्या खोबणीत घातलं. सात हाडं जुळून ही वाटी होते, म्हणालात. वरचं छत मेंदूचं, तळ गालाचा. नाकाकडची भिंत इतकी पातळ की मागून उजेड दिसत होता. "कांद्याचं साल," तुम्ही म्हणालात. मग मला माझी स्वतःची भुवई चाचपायला लावली. भुवईच्या हाडाखाली बोट ठेव, डोळा मिट, उघड. पापणी उचलणारा स्नायू खोबणीच्या पार मागून निघतो, एखाद्या पट्ट्यासारखा पुढे येतो आणि पापणीच्या काठाला धरतो. मिटणारा मात्र डोळ्याभोवती गोल फिरतो, बटव्याच्या दोरीसारखा. त्या दिवसापासून मी कोणाच्या डोळ्यात पाहिलं नाही. कडेला पाहते. नवरा अजून तक्रार करतो.

तुम्ही तर त्याहून वाईट होतात. माझ्या चुलतभावाच्या लग्नात नवरीमुलीच्या मामाला तुम्ही बाजूला घेतलं आणि सांगितलं, की तुमच्या वरच्या पापण्या जरा जास्तच वर ओढल्या जातायत, थायरॉइड तपासून घ्या. तो माणूस जेवणाच्या पंगतीत तुमच्यापासून चार ताटं लांब बसला. नंतर पेढे घेऊन लॅबमध्ये आला, ते सोडा. पण माझ्या काकूनं मला त्या दिवशी जे ऐकवलं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपलं भांडण होतं ते छज्ज्यावरून. डोळा काढल्यावर खोबणीतली चरबी बसते, वरची पापणी आधार नसल्यानं खाली येते, आणि माणूस एका बाजूनं झोपलेला दिसतो. तुम्ही त्यावर कृत्रिम डोळ्याच्या वरच्या अंगाला, बुबुळाच्या जरा वर, एक बारीक कड ठेवायचात. घराच्या खिडकीवर असतो तसा छज्जा. पापणी त्याच्यावर टेकायची आणि दोन्ही डोळे सारखे उघडे दिसायचे. आई-बाप रडायचे आनंदानं. मीही रडले आहे. पण छज्ज्यावर अडकलेली पापणी पूर्ण मिटत नाही. खाली फट राहते. मी म्हणायची, भाऊ, डोळा मिटायलाही हवा. तुम्ही म्हणायचात, आपल्याकडे माणूस येतो तो चारचौघांत उघड्या डोळ्यानं बसायला मिळावं म्हणून, मिटायला नाही. फटीसाठी थेंब आहेत. मी म्हणायची, थेंब घालणाऱ्याला विचारा. तुम्ही म्हणायचात, तू बुबुळ रंगव.

दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, असं आता लिहून मला मोकळं व्हायचं नाही. वैशालीच्या बाबतीत मी चुकले. फक्त ती आली तेव्हा मला ते तसं वाटलं नाही.

वैशालीला लहानपणी विटी लागली होती, डावा डोळा गेला होता. तेविसाव्या वर्षी ती तुमच्याकडे आली आणि तुम्ही तिला असा डोळा दिलात की तिनं आरसा हातातून खाली ठेवलाच नाही. मग ती पारडीला खोली करून राहिली आणि कळमन्याच्या मार्केट यार्डात एका अडत्याच्या दुकानात पोत्यांच्या चिठ्ठ्या लिहायला लागली. मिरचीच्या दिवसांत ती एकदा लॅबला आली. तुम्ही उमरेडला भावाकडे गेला होतात. तिचा डोळा लाल झाला होता. म्हणजे डोळा पांढराच होता, खोबण लाल झाली होती, खालची पापणी सुजली होती. ती म्हणाली, "ताई, डोळा नाही तरी मिरची लागते. सारा दिवस आग होऊन राहते. याले मिटवून द्या न जरा."

यार्डात लाल मिरचीचे ढीग, हवेत ती धूळ, आणि या पोरीला पापणी मिटता येत नाही. तुम्ही असतात तर थांबायला सांगितलं असतं. पुन्हा माप घेतलं असतं, मेणाचं नवं करून पाहिलं असतं, आठवडा लावला असता. मी दहा मिनिटं लावली. तुमच्या घासायच्या यंत्रावर बसले आणि छज्जा उतरवला. पॉलिश केला, धुतला, घातला. पापणी मिटली. उजव्यासारखी, पूर्ण. वैशालीनं तीनदा मिटून पाहिली आणि माझा हात धरला. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आता भाऊ आले की दाखवते. जिंकल्याचा आनंद होता तो. पोरीच्या आगीपेक्षा मला तुमच्याशी चाललेलं भांडण जिंकायचं होतं, असं मला आता वाटतं, आणि ते फार वाईट वाटतं.

छज्जा नुसता पापणी उचलत नव्हता. तो डोळ्याला खोबणीत धरूनही ठेवत होता. वरचं वजन गेलं, डोळा सैल झाला आणि चार दिवसांनी फिरला. ती दुकानात कोणाशी बोलत असताना बुबुळ वर निघून गेलं. समोरच्या लोकांतला एक जण हसला. तिनं डोळा काढून रुमालात बांधला आणि तशीच भिवापूरला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन आले. तुम्ही त्याच सकाळी परत आला होतात. मी तुम्हाला अजून सांगितलं नव्हतं, कारण तुम्ही आल्या आल्या दोन लहान मुलांची मापं घ्यायला बसला होतात. वडील दारातूनच बोलत आले. बोलले ते सगळं तुम्हाला आठवत असेल, मला तर शब्दन्‌शब्द आठवतो. शेवटी म्हणाले, "हात थरथरते तुमचा. जमत नसन तर घरी बसा न. लोकायच्या पोरी काहून खराब करता?"

तुम्ही रुमाल सोडला. भिंग लावलं. डोळा अंगठ्याखाली फिरवला, जिथे छज्जा असायला हवा होता तिथे थांबलात. मी तुमच्या मागे उभी होते आणि वैशाली समोर. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघींनी खाली पाहिलं. तिनं का सांगितलं नाही ते मला माहीत आहे. तिनंच मागितलं होतं ना, म्हणून. मी का सांगितलं नाही?

तुम्ही म्हणालात, "माझा हात चुकला. कड पातळ राहिली, झिजून गेली. मी नवा बनवून देतो." पण नवा तुम्ही बनवला नाहीत. मला बनवायला लावलात.

साचा पाहायचं तुमच्या मनातही आलं नाही, भाऊ. प्रत्येक डोळ्याचा साचा आपण ठेवतो, दोन अर्धुकं धाग्यानं बांधून, नावाची चिठ्ठी लावून. वैशालीचा काढून शेजारी ठेवला असतात तर दोन मिनिटांत कळलं असतं, की हा डोळा लॅबमधून निघाल्यावर कोणीतरी घासलाय. आणि यंत्र चालवणारी दुसरी होतीच कोण? तुम्ही गेल्यानंतर मी कपाट उघडून पाहिलं. त्या साच्याची गाठ तुमच्या हातची आहे, तशीच. तुम्ही पाहिलंच नाहीत. स्वतःवर संशय घेतलात, माझ्यावर नाही.

मला तुमचा रागही येतो, हे लिहितेच. एका ओरडणाऱ्या माणसाच्या बोलण्यावर इतक्या वर्षांचा हात सोडून द्यायचा? तुम्ही नंतर एकदा सांगितलंत की तुमच्या वडिलांना कंपवात होता आणि तुम्ही कित्येक वर्षं त्याची वाट पाहत होतात. रोज सकाळी ब्रशवर पेस्ट घेताना हात पाहायचात. म्हणजे तुम्हाला भीती आधीच होती. त्या माणसानं फक्त तिला नाव दिलं, आणि मी तिला पुरावा दिला. मग ती खोटी कशी वाटणार?

पहिले दोन दिवस मी तुमच्या ओरडण्याला भ्याले, इतकं साधं होतं ते. तिसऱ्या दिवशी तुम्ही घासायचं यंत्र माझ्याकडे सरकवलं आणि म्हणालात, यापुढे हे तू. मला त्याचा आनंद झाला. हो, झाला. दिवाळीनंतर तुम्ही यायचं बंद केलंत आणि दारावरच्या पाटीवर तुमच्या नावाखाली माझं नाव आलं. आता सांगायचं म्हणजे, मी तुम्हाला घरी बसवलं आणि तुमच्या जागी बसले, असं सांगायचं. दर रविवारी ते आणखी अवघड होत गेलं.

आणि तुम्ही दर रविवारी हात पुढे करायचात. "बघ, थरथरतो का?" मी पाहायची. बोटं सरळ, स्थिर, नखं नीट कापलेली. मी म्हणायची, नाही भाऊ. एकदा तुम्ही काठोकाठ भरलेला पेला उचलून धरलात आणि थेंब सांडला नाही. मला वाटलं, आता हे स्वतःच ओळखतील आणि मी सुटेन. तुम्ही पेला खाली ठेवलात आणि म्हणालात, "मधूनच होत असन. मले समजत नसन." मी त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, वहिनी, चहा झाला का?

वैशालीचं तुम्ही विचारायचात, पण मी विषय बदलायची. तिला मी तिसऱ्या प्रयत्नात बरा डोळा दिला. छज्जा ठेवला, पण अर्धा, आणि मागची बाजू तासून डोळा हलका केला, म्हणजे खालच्या पापणीवर भार येत नाही. उघडा असताना उजव्याहून केसभर कमी दिसतो. मिटतो मात्र पूर्ण. त्यात तुमचंही आहे आणि माझंही. हे तुम्हाला दाखवायला माझे हात शिवशिवत होते. तुम्ही भिंग लावलं असतं, चूक काढली असती, मग म्हणाला असतात, जमलं. पण दाखवलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, पहिला कशानं बिघडला होता. म्हणून इतकी वर्षं जिच्यावर भांडलो ती गोष्ट सुटली आणि मी तुम्हाला सांगितली नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला पांढरे कपडे घालून दोनशेक माणसं आली होती. त्यांतल्या कित्येकांचा एक डोळा आपल्या हातचा होता. तुमचे जुने मित्र उभे राहिले आणि म्हणाले, की हात थरथरू लागला तेव्हा मेश्रामजी स्वतःहून बाजूला झाले, असा प्रामाणिक माणूस होणे नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मग माइक माझ्या हातात दिला. मी म्हणाले, भाऊंनी मला पापणी पाहायला शिकवलं. आणि खाली बसले. भाऊ, एवढंच बोलले मी.

तिथून घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. तुमच्याबद्दलची लोकांनी सांगितलेली सर्वात चांगली गोष्ट माझ्या खोटेपणावर उभी होती. तुम्ही प्रामाणिक होतातच. पण थरथरणारा हात घेऊन तुम्ही या गावातून जावं, हे मला सहन होईना.

म्हणून काल, रविवारी, मी वहिनींकडे गेले. त्या मेथी निवडत होत्या. मीही जुडी घेऊन बसले, आणि अर्धी जुडी होईपर्यंत सगळं सांगून टाकलं. वैशाली, छज्जा, तिचे वडील, मी मागे उभी होते ते. वहिनी थांबल्या नाहीत, पानं खुडत राहिल्या. मी सांगून झाल्यावर म्हणाले, की मला जे बोलायचं ते बोला. त्यांनी पुढची काडी उचलली. मी म्हणाले, की लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगेन, भाऊंचा हात शेवटपर्यंत चांगला होता. तेव्हा त्यांनी हात थांबवला.

"चांगला होता?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले.

"पक्कं सांगतेस?"

"वहिनी, माझ्यापेक्षा चांगला होता."

त्यांनी मेथीची पानं परडीत लोटली. मग मला म्हणाल्या, की नीताची पोरगी झाली ती तुम्ही घरी बसल्यावर. बाराव्या दिवशी ती पोरीला घेऊन इथे आली, आणि तुम्ही खुर्चीवर नीट सरसावून बसलात आणि दोन्ही हात पुढे केलेत.

"मी म्हटलं, राहू द्या, हातून सुटंन," वहिनी म्हणाल्या. "त्यायनं हात मागं घेतले. अडीच वर्सांची झाली पोरगी, सुनंदा. मंग कधी मागितलीच नाही त्यायनं."